रॉथचं मागचं दार : एका अमेरिकन पेन्शन खात्याची हकीगत

बोरसीहून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतो आहे. या मालिकेत आपण एरवी लढाया, किल्ले आणि नागपूरकर भोसल्यांची छत्तीसगडातली वाटचाल असलं काहीबाही बोलत असतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना झालं काय, इतिहास सोडून इन्कम टॅक्सवर उतरले! पण कर हा इतिहासच असतो. आपल्याकडे इन्कम टॅक्स आला तो १८६० साली, जेम्स विल्सनने आणला, आणि कशासाठी? १८५७च्या उठावात तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला. म्हणजे मूळ फौजेच्या खर्चातच आहे. तेव्हा मला या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे, असं समजा.

निमित्त असं. दुर्ग-भिलाईत आपल्या मराठी घरांमध्ये, आणि नुसत्या मराठीच कशाला, सगळ्याच घरांमध्ये, निदान एक पोरगं किंवा पोरगी अमेरिकेत असते. बाप बीएसपीतून रिटायर, आई सेक्टरच्या शाळेत शिकवायची, पोरगं इंजिनिअर होऊन तिकडे गेलं. अशाच एका गृहस्थांनी मला सकाळी फिरताना थांबवून विचारलं, "कर्नलसाहेब, पोरगा म्हणतो, दर जानेवारीत मी मागच्या दारानं रिटायरमेंटच्या खात्यात पैसे टाकतो. हे काही दोन नंबरचं तर नाही ना?" चाळीस वर्षं प्लांटमध्ये इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाच्या पोटात "मागचं दार" या शब्दानं गोळा येणारच. मी म्हटलं, "भाऊ, दोन नंबरचं नाही. पण हे दार कसं पडलं ते सांगायला मला एक अख्खा भाग लागेल." तोच हा भाग. ई-बुकसाठी उतरवताना काही आकडे ताजे केले आहेत.

सुरुवात एका बंद पडलेल्या कारखान्यापासून करू. आपल्या भिलाईची पहिली भट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. त्यानंतर पाचच वर्षांच्या आत, डिसेंबर १९६३ मध्ये, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावचा स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद झाला. गाव कारखान्यावर जगणारं, जसं भिलाई. कामगारांना पेन्शनचा करार होता, पण पेन्शनच्या फंडात पुरेसा पैसाच नव्हता. साठीच्या पुढचे आणि आधीच निवृत्त झालेले होते, त्यांना पूर्ण मिळालं. चाळीस ते साठ वयाचे सुमारे चार हजार कामगार होते, त्यांच्या हातात हक्काच्या रकमेच्या जेमतेम १५ टक्के पडले. त्याहून तरुण होते त्यांना काहीच नाही. तुम्ही स्वतः टाउनशिपमध्ये राहिलेले आहात. पंचावन्नाव्या वर्षी असं कळल्यावर त्या घरात त्या संध्याकाळी काय झालं असेल, ते मी सांगायला नको.

या प्रकरणाचा धुरळा दहा वर्षं बसला नाही. शेवटी २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कामगारांच्या पेन्शनला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. एरिसा म्हणतात त्याला. त्याच कायद्यात एक छोटी तरतूद होती: ज्याच्या मालकाकडे पेन्शनची सोयच नाही, त्या माणसाने स्वतःचं खातं उघडावं, वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत टाकावे, तेवढ्या रकमेवर त्या वर्षी कर नाही, म्हातारपणी काढाल तेव्हा कर. याला आयआरए म्हणतात, म्हणजे व्यक्तीचं स्वतःचं निवृत्ती खातं. आपल्याकडे तोवर प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा होऊन अर्धशतक झालं होतं, १९२५चा; कारखान्यांसाठीचा १९५२चा. फरक एवढाच की आपल्याकडे पगारातून कापूनच घेतात, विचारत नाहीत. मला विचाराल तर न विचारता कापलेला पैसाच शिल्लक राहतो. फौजेत ऑफिसरचा डीएसओपी फंड असतो. तो नसता तर बोरसीचं हे घर झालं नसतं.

१९८१ मध्ये रेगन सरकारने आयआरए सगळ्या कमावत्या लोकांना खुलं केलं, मर्यादा २,००० डॉलर केली. लोकांनी इतके पैसे टाकले की सरकारचाच महसूल घटला. म्हणून १९८६च्या मोठ्या करसुधारणेत पुन्हा दोर आवळला: ज्यांना नोकरीत पेन्शनची सोय आहे आणि उत्पन्न जास्त आहे, त्यांना आता टाकलेल्या रकमेवर सूट नाही. पण पैसे टाकायला मात्र बंदी केली नाही. सूट न घेता टाका, वाढेल त्यावर तूर्त कर नको, एवढी मुभा ठेवली. ही बारीकशी मुभा लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे.

यातून एक भानगड झाली. एकाच माणसाच्या आयआरएमध्ये आता दोन जातींचा पैसा आला: कर न भरलेला आणि कर भरून झालेला. दुधात पाणी मिसळल्यावर तुम्ही म्हणू शकत नाही की मी फक्त वरचं दूध काढून घेतो. अमेरिकन कायद्यानेही तेच सांगितलं. काढाल तेवढ्यात दोन्ही त्याच प्रमाणात आहेत असं आम्ही धरणार. हिशेब ठेवायला फॉर्म दिला, नंबर ८६०६. तो आजही चालू आहे.

आता येतो रॉथ. विल्यम रॉथ हा माणूस मला आवडतो, त्यात पक्षपात आहे हे कबूल. जन्म १९२१चा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेच्या गुप्तवार्ता विभागात होता, नंतर डेलावेअर राज्यातून तीस वर्षं सिनेटर. पेंटागॉनने विमानातल्या संडासाच्या एका सीटला ६४० डॉलर मोजले, हे चव्हाट्यावर आणणाऱ्यांत तो होता. ज्यांनी कधी स्टोअर्स व्हाउचरवर सही केली आहे त्यांना या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. १९८९ पासून तो आणि सिनेटर पॅकवुड एक कल्पना मांडत होते: खातं उलटं करा. टाकताना सूट नको, आजच कर भरून टाका. मग वाढेल ते सगळं, म्हातारपणी काढताना, करमुक्त.

कल्पना चांगली होती, पण ती मंजूर झाली ती चांगुलपणामुळे नव्हे. अमेरिकेत कायदा करताना त्याचा महसुलावर पुढच्या दहा वर्षांत काय परिणाम होईल हे मोजतात. जुन्या आयआरएत सरकारचं नुकसान आज दिसतं, फायदा तीस वर्षांनी. रॉथच्या खात्यात उलट: कर आज मिळतो, नुकसान तीस वर्षांनी, म्हणजे मोजमापाच्या पट्टीबाहेर. कागदावर गोड दिसणारी योजना! ५ ऑगस्ट १९९७ला बिल क्लिंटन यांनी सही केली, १ जानेवारी १९९८ पासून रॉथ आयआरए सुरू. रॉथ त्या वेळी सिनेटच्या अर्थ समितीचा अध्यक्ष होता, तेव्हा नावही त्याचंच पडलं. बिचारा २००० साली निवडणूक हरला, २००३ मध्ये वारला. आपल्या नावाला पुढे "मागचं दार" चिकटणार आहे हे त्याला पाहायला मिळालं नाही.

रॉथच्या किल्ल्याला तेव्हा दोन पहारे होते. पहिला: उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर रॉथमध्ये थेट पैसे टाकता येणार नाहीत. दुसरा: जुन्या आयआरएतला पैसा रॉथमध्ये बदलून घ्यायचा असेल, याला कन्व्हर्जन म्हणतात, तर उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत हवं. म्हणजे श्रीमंताला पुढूनही मनाई, बाजूनेही मनाई.

आणि याच सुमारास आपली पोरं तिकडे पोचत होती. दोन हजार सालच्या संगणकी गोंधळाची, वायटूकेची, धास्ती होती. एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १९९९ साठी १,१५,००० झाली, २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १,९५,०००. पुण्या-मुंबईची, नागपूरची, भिलाईची पोरं या लाटेत गेली. सुरुवातीला एकाचा पगार, भाड्याचं घर, घरी पैसे पाठवणं. रॉथ वगैरे कोणाच्या डोक्यात नव्हतं. दहा वर्षांनी नवरा-बायको दोघेही कमावते झाले तेव्हा पहिला पहारेकरी आडवा आला. २०१० साली जोडप्याचं उत्पन्न १,७७,००० डॉलरपर्यंत गेलं की रॉथचं पुढचं दार पूर्ण बंद होत होतं. आज, २०२६ साठी, ती मर्यादा २,५२,००० आहे. एकट्या माणसाला १,६८,०००. न्यूजर्सी किंवा कॅलिफोर्नियात दोन इंजिनिअरांच्या घराला हे उत्पन्न ओलांडायला वेळ लागत नाही.

पण २०१० सालीच दुसरा पहारा उठला होता. तो कसा उठला ते ऐका. २००६ मध्ये बुश सरकारला भांडवली नफा आणि लाभांशावरच्या कमी कराची मुदत वाढवायची होती. त्यासाठी महसूल कुठून तरी दाखवणं भाग होतं. कोणीतरी म्हणालं, श्रीमंतांना कन्व्हर्जन करू द्या, ते करताना साठलेल्या रकमेवर कर भरतील, पैसाच पैसा. १७ मे २००६ला सही झाली: १ जानेवारी २०१० पासून कन्व्हर्जनला उत्पन्नाची अट नाही. पहिल्याच वर्षी कन्व्हर्जन करणाऱ्यांना तो कर २०११ आणि २०१२ मध्ये अर्धा-अर्धा भरायची सवलतही दिली.

आता जोडा १९८६ची ती मुभा. कितीही उत्पन्न असलं तरी सूट न घेता जुन्या आयआरएत पैसे टाकता येतात. २०१० पासून कितीही उत्पन्न असलं तरी जुन्या आयआरएतला पैसा रॉथमध्ये बदलता येतो. पहिलं पाऊल कायदेशीर, दुसरं पाऊल कायदेशीर. पुढच्या दारावर पहारेकरी तसाच उभा, आणि मागून अंगणात जायला वाट मोकळी. हे दार कोणी चोरून पाडलेलं नाही. चोवीस वर्षांच्या अंतराने बांधलेल्या दोन भिंतींमध्ये राहून गेलेली फट आहे ती. युद्धशास्त्रात दोन युनिटांच्या हद्दीच्या रेषेवरच शत्रू घुसतो, कारण तिथे प्रत्येकाला वाटतं की ती जागा दुसऱ्याने राखायची आहे. कायद्यांचंही तसंच दिसतं.

तरी लोक घाबरत होते, आणि कारणाने. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९३५ साली ग्रेगरी खटल्यात सांगून ठेवलं होतं की कागदोपत्री प्रत्येक पाऊल बरोबर असलं, पण सगळ्याचा हेतू फक्त कर चुकवणं असेल, तर कोर्ट पावलं न बघता अख्खी चाल बघेल. आपल्याकडे १९८५च्या मॅकडॉवेल निकालात सुप्रीम कोर्टाने तोच सूर लावला. पुढे २०१२ मध्ये व्होडाफोनच्या निकालात सूर बराच बदलला, आणि २०१७ पासून आपल्याकडे करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियमच आला, गार म्हणतात तो. तिकडचे सल्लागार या भीतीपोटी सांगायचे: पैसे टाका, मग काही महिने थांबा, मगच कन्व्हर्जन करा, म्हणजे दोन वेगळे निर्णय वाटतील. काही जण तर बारा महिने थांबत. त्या काळात पैसा वाढला तर वाढीवर कर, ही वर भर.

हा संशय मिटला डिसेंबर २०१७ मध्ये. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या करकायद्यासोबतच्या संसदीय अहवालात, तळटीपांमध्ये, सरळ लिहिलं होतं की मर्यादेच्या वर उत्पन्न असलेला माणूस आधी जुन्या आयआरएत पैसे टाकून मग रॉथमध्ये बदलू शकतो. खुद्द कायदा करणाऱ्यांनी फटीकडे बोट दाखवून म्हटलं की आम्हाला ही दिसते आहे. त्यानंतर लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कन्व्हर्जन करू लागले, आणि ते शहाणपणाचंच आहे.

पण त्याच कायद्याने एक गोष्ट काढूनही घेतली. आधी कन्व्हर्जन केल्यावर पस्तावलात तर ते उलटवता यायचं. २०१८ पासून केलेलं कन्व्हर्जन परत फिरत नाही. आता तोफ डागण्याआधीच अंतर मोजायचं.

आणि म्हणून वेळेचं गणित. हे जरा सावकाश सांगतो, कारण बहुतेक घोटाळे इथे होतात.

अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपलं एप्रिल ते मार्च, ते १८६७ पासून इंग्रजांनी लावून दिलेलं. रॉथच्या वाटेवर दोन घड्याळं आहेत आणि ती एकसारखी चालत नाहीत. पैसे टाकण्याचं घड्याळ सैल आहे: २०२५ सालचे पैसे १५ एप्रिल २०२६ पर्यंत टाकता येतात, कितीपर्यंत तर ७,००० डॉलर, २०२६ साठी ७,५००, पन्नाशी ओलांडलेल्यांना थोडे जास्त. कन्व्हर्जनचं घड्याळ मात्र कडक: ज्या दिवशी कराल त्याच वर्षात धरलं जाईल, ३१ डिसेंबरनंतर मागच्या वर्षात घुसवता येत नाही. समजा एखाद्याने १० एप्रिल २०२६ला २०२५ सालचे ७,००० टाकले आणि ११ एप्रिलला बदलले. तर टाकल्याची नोंद २०२५च्या फॉर्म ८६०६ वर, बदलल्याची नोंद २०२६च्या फॉर्मवर. पहिला फॉर्म भरायचा राहिला तर आयकर खात्याच्या दृष्टीने तो कर भरलेला पैसा आहे याचा कागद राहत नाही, आणि त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भरायची पाळी येते. म्हणूनच त्या गृहस्थांचा मुलगा जानेवारीतच दोन्ही उरकतो. एकाच वर्षात टाकलं, एकाच वर्षात बदललं, एकच फॉर्म.

आता ते दूध-पाणी. प्रमाण मोजताना फक्त त्या एका खात्याकडे बघत नाहीत. माणसाच्या नावावरची सगळी आयआरए खाती एकत्र धरतात, वेगवेगळ्या बँकांत असली तरी. नवरा-बायकोची मात्र वेगवेगळी. उदाहरण घ्या. एकाच्या जुन्या आयआरएत आधीच्या नोकरीतून आलेले ९३,००० डॉलर पडलेले आहेत, सगळे कर न भरलेले. त्याने सूट न घेता नवे ७,००० टाकले आणि दुसऱ्या दिवशी तेच ७,००० बदलले. त्याला वाटतं, हे तर माझे कर भरलेले पैसे, शून्य कर. खातं म्हणतं, एकूण एक लाख, त्यात कर भरलेले सात टक्के. तेव्हा बदललेल्या ७,००० पैकी ४९० करमुक्त आणि ६,५१० करपात्र. २४ टक्क्यांच्या पट्टीत १,५६२ डॉलरचं बिल. उरलेल्या ६,५१०ची नोंद फॉर्मवर पुढच्या वर्षांसाठी तशीच राहते, बुडत नाही. पण बिल आज भरावं लागतं.

खरी मेख पुढे आहे. हे प्रमाण कन्व्हर्जनच्या दिवशीच्या शिलकेवर काढत नाहीत, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या शिलकेवर काढतात. याचे दोन अर्थ होतात, एक उपयोगाचा आणि एक घातक. उपयोगाचा असा: ज्याच्याकडे जुना ९३,००० चा ढीग आहे त्याने ३१ डिसेंबरच्या आत तो ढीग सध्याच्या नोकरीतल्या ४०१के खात्यात हलवला, मालकाची योजना ते घेत असेल तर, तर ४०१के हे आयआरएत धरत नाहीत आणि कन्व्हर्जन स्वच्छ सुटतं. घातक असा: मार्चमध्ये स्वच्छ कन्व्हर्जन केलं, ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली, जुन्या कंपनीचं ४०१के सवयीने आयआरएत वळवलं. मार्चमधलं स्वच्छ काम डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी मागे वळून नासतं. नोकऱ्या बदलणाऱ्या आपल्या पोरांनी ही एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

तिसरं घड्याळ पाच वर्षांचं. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत, बदललेली करपात्र रक्कम पाच वर्षांच्या आधी काढली तर दहा टक्के दंड. प्रत्येक कन्व्हर्जनचं घड्याळ वेगळं. पण ते त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून चालू झालं असं धरतात. म्हणजे ३० डिसेंबरला केलेल्या कन्व्हर्जनला जवळजवळ पूर्ण वर्ष फुकट मिळतं. फौजेत तांत्रिक पदवीधरांना मागच्या तारखेपासून ज्येष्ठता देत असत, त्यातलाच प्रकार. आणि ज्यांचं कन्व्हर्जन स्वच्छ आहे, म्हणजे करपात्र रक्कम शून्य, त्यांच्या मुद्दलाला हा दंड लागतच नाही. लागेल ती वाढीला.

आता प्रश्न उरतो की हे दार अजून उघडं कसं. बंद करायचे प्रयत्न झाले. ओबामा यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या अंदाजपत्रकात ते बंद करायचा प्रस्ताव होता, हलला नाही. सर्वांत जवळ आले ते २०२१ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने प्रसिद्ध केलं की उद्योगपती पीटर थिएल यांच्या रॉथ खात्यात २०१९ पर्यंत पाच अब्ज डॉलर साठले होते. पाच अब्ज! हल्लकल्लोळ झाला. गंमत बघा, थिएल मागच्या दाराने गेलेच नव्हते. १९९९ मध्ये पुढच्या दाराने, मर्यादेतली छोटी रक्कम टाकून, त्यांनी पेपालचे संस्थापकाचे शेअर कवडीमोलाने त्या खात्यात घेतले होते. पण राग निघाला मागच्या दारावर. १९ नोव्हेंबर २०२१ला प्रतिनिधिगृहाने बायडेन यांचं मोठं विधेयक मंजूर केलं, त्यात १ जानेवारी २०२२ पासून हे दार बंद होणार होतं. महिन्याभराने सिनेटर मँचिन यांनी टीव्हीवर सांगितलं की मी मत देणार नाही, आणि विधेयक तिथेच बसलं. त्या डिसेंबरमध्ये तिकडच्या कितीतरी घरांत वर्ष संपायच्या आत कन्व्हर्जन उरकायची घाई चालली असणार.

नंतर तर वारं उलटंच फिरलं. डिसेंबर २०२२च्या कायद्याने २०२६ पासून ठरावीक पगाराच्या वरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या लोकांची ४०१के मधली जादा रक्कम रॉथ पद्धतीनेच टाकणं सक्तीचं झालं. ज्यांना पुढच्या दारावर अडवत होते त्यांनाच आता हाताला धरून आत नेतात. कारण तेच जुनं, कर आज हवा.

आपण हसू नये. आपल्याकडे २९ फेब्रुवारी २०१६च्या बजेटमध्ये जेटलींनी ईपीएफमधून काढलेल्या रकमेच्या साठ टक्क्यांवर कर सुचवला होता. गदारोळ झाला आणि ८ मार्चला तो मागे घेतला. पण एप्रिल २०२१ पासून वर्षाला अडीच लाखांच्या वर स्वतःची वर्गणी टाकली तर त्या जादा रकमेच्या व्याजावर कर सुरू झाला. जिथे मालक काही टाकत नाही, म्हणजे सरकारी जीपीएफसारख्या फंडांत, तिथे पाच लाखांच्या वर. फंडात जितके टाकाल तितकं करमुक्त व्याज, हे आमच्या वेळचं पुढचं दार होतं. बरेच वरिष्ठ अधिकारी शेवटच्या वर्षांत जवळजवळ अख्खा पगार फंडात टाकत आणि पत्नीच्या पगारावर घर चालवत. ती चोरी नव्हती, आणि हीसुद्धा नाही. न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न. दोन्हीकडे फायदा त्यालाच होतो ज्याच्याकडे महिन्याच्या शेवटी काही उरतं. माझं मत विचाराल तर अमेरिकन संसदेने एकतर पुढचं दार सगळ्यांना उघडावं किंवा मागचं बुजवावं. हे अर्धवट ठेवणं म्हणजे ज्याला सीए परवडतो त्याला बक्षीस.

शेवटी, ज्या गोष्टीसाठी मी हा भाग खरोखर केला ती. तुमचा मुलगा किंवा मुलगी परत यायचं म्हणत असेल, तर तिकडचं करमुक्त इथे करमुक्त असेलच असं नाही.

भारत-अमेरिका दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९चा आहे. रॉथ जन्मला १९९७ मध्ये. तेव्हा करारात रॉथचं नाव असणं शक्यच नव्हतं, आणि नंतरही ते घातलेलं नाही. परतलेला माणूस पूर्ण रहिवासी झाला की आपला कायदा त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतो. खात्यात दरवर्षी होणाऱ्या वाढीवर इथे दरवर्षी कर आणि तिकडे काढताना कर, असा दुहेरी फटका जुन्या खात्यांना बसत होता. म्हणून २०२१च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ८९ए कलम घातलं. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे देश अधिसूचित झाले. फॉर्म १०-ईई भरून दिला की त्या खात्यातलं उत्पन्न तिकडे ज्या वर्षी करपात्र होईल त्याच वर्षी इथे धरतात. ४०१के आणि जुन्या आयआरएला हे ठीक बसतं. पण कलमाची व्याख्या म्हणते की तो देश पैसे काढताना कर लावणारा असावा. रॉथवर तर काढताना कर नसतोच! म्हणजे शब्दशः वाचलं तर रॉथ या छत्रीत येत नाही, असं सांगणारे सीए बरेच आहेत, आणि मला त्यांचं वाचन बरोबर वाटतं.

दिलासा एवढाच की परतल्याबरोबर माणूस पूर्ण रहिवासी होत नाही. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असेल, किंवा मागच्या सात वर्षांत इथे ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिलेला नसेल, तर तो रहिवासी असूनही सामान्य रहिवासी धरला जात नाही, आणि तिकडच्या अशा उत्पन्नावर इथे कर नाही. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला ही सवलत साधारण दोन ते तीन आर्थिक वर्षं मिळते. किती वर्षं मिळेल ते परतण्याच्या तारखेवर ठरतं: फेब्रुवारीत उतरलात की एप्रिलच्या मध्यावर, यानेही फरक पडू शकतो, कारण आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं. रॉथमधले पैसे हलवायचे असतील, जुनं खातं बदलायचं असेल, तर ते याच काळात, आणि तिकडचा ३१ डिसेंबर आणि इथला ३१ मार्च दोन्ही समोर ठेवून, दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं.

तेव्हा आजच मुलांना फोन लावा आणि दोन गोष्टी विचारा. दरवर्षीचे ८६०६ फॉर्म जपून ठेवलेत का? आणि जुन्या कंपनीचं ४०१के कुठे आहे? पुढच्या भागात आपण पुन्हा रतनपूरला जाऊ, बिंबाजी भोसल्यांकडे.